वाचकांचे प्रश्न : ब्रिटनमध्ये निकाल अटीतटीचा लागला की पुढे काय?

ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत कुणालाच स्पष्ट कौल मिळाला नाही तर सरकार कसे ठरते, यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

आपल्याकडे राज्यपाल सर्वांत मोठ्या पक्षाला सरकार बनवायला बोलावतात. ब्रिटनचे राजे तसे का करत नाहीत? (सांगली)

कारण तिथे पंतप्रधानाची खुर्ची एक दिवसही रिकामी राहत नाही. निवडणूक झाली म्हणून जुना पंतप्रधान आपोआप पायउतार होत नाही. तो राजीनामा देईपर्यंत तोच पंतप्रधान, मग त्याचा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर गेलेला का असेना. त्यामुळे 'आधी कुणाला बोलवायचे' हा वाद राजवाड्याच्या दारात पोहोचतच नाही. पक्षांनी आपसांत बोलून ठरवायचे, आणि सभागृहात कोण तग धरू शकेल हे स्पष्ट झाले की मावळत्या पंतप्रधानाने राजीनामा द्यायचा.

फेब्रुवारी १९७४चे उदाहरण पाहा. एकूण जागा ६३५. मजूर पक्ष ३०१, हुजूर पक्ष २९७, लिबरल १४. मते मात्र हुजूर पक्षाला जास्त होती. पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी लगेच राजीनामा न देता लिबरल नेते जेरेमी थॉर्प यांच्याशी बोलणी सुरू केली. दोघांची बेरीज ३११, म्हणजे बहुमताला ७ कमीच. शिवाय लिबरलांना मतदानपद्धतीत बदलाची ठोस हमी हवी होती, ती हीथ देऊ शकले नाहीत. २८ फेब्रुवारीला मतदान झाले आणि ४ मार्चला त्यांनी राजीनामा दिला. मग हॅरॉल्ड विल्सन यांनी अल्पमताचे सरकार स्थापन केले. हीथ यांनी चार दिवस खुर्ची अडवली असे म्हणणारे तेव्हाही होते, पण संकेताप्रमाणे तो त्यांचा हक्क होता.

२०१०मध्ये गॉर्डन ब्राउन यांच्यावरही खुर्चीला चिकटल्याची टीका झाली. आमच्या मते ती अन्यायाची होती. ६ मेला मतदान झाले. हुजूर पक्ष ३०६, मजूर २५८, लिबरल डेमोक्रॅट ५७. ब्राउन यांनी ७ मेलाच राजीनामा दिला असता तर बोलणी पुरी होण्याआधीच राणीला कुणाची तरी निवड करावी लागली असती, आणि नेमके तेच टाळायचे असते. मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट मिळून ३१५च होत होते, हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट मिळून ३६३. हे गणित पक्के झाल्यावर ११ मेच्या संध्याकाळी ब्राउन राजवाड्यावर गेले आणि त्याच रात्री डेव्हिड कॅमरन पंतप्रधान झाले. मंत्रिमंडळ सचिवांनी या प्रसंगासाठीचे संकेत आधीच लिहून काढले होते. तोच मसुदा पुढे २०११मध्ये 'कॅबिनेट मॅन्युअल' या सरकारी कामकाजाच्या संकेतपुस्तिकेचा भाग झाला.

आपल्याकडच्या विश्वासदर्शक ठरावाच्या जागी तिथे राजाच्या अभिभाषणावरचे मतदान असते. पंतप्रधानाची इच्छा असेल तर तो थेट सभागृहासमोर जाऊन पराभव पत्करू शकतो. डिसेंबर १९२३च्या निवडणुकीत बहुमत गमावलेले स्टॅन्ली बाल्डविन जानेवारी १९२४मध्ये असेच सभागृहात हरले, आणि मजूर पक्षाचे पहिले सरकार आले.

६५० जागा म्हणजे बहुमत ३२६. मग २०१७मध्ये थेरेसा मे यांचे सरकार ३१७वर कसे चालले? (पुणे)

३२६ हा कागदावरचा आकडा. सभागृहात प्रत्यक्ष मत देणारे किती, यावर खरा हिशेब असतो. तो असा मांडा.

६५०मधून शिन फेन या पक्षाचे ७ वजा करा. राजनिष्ठेची शपथ त्यांना मान्य नाही, म्हणून उत्तर आयर्लंडमधून निवडून येऊनही ते लंडनला जागेवर बसत नाहीत. राहिले ६४३. अध्यक्ष आणि तीन उपाध्यक्ष मतदान करत नाहीत, ते चार वजा करा. राहिले ६३९. म्हणजे प्रत्यक्ष बहुमत ३२०. हुजूर पक्षाच्या ३१७पैकी एक उपाध्यक्ष झाल्याने त्यांची मते ३१६ उरली. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी (डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टी) या पक्षाचे १० मिळवले की ३२६, समोर सगळे एकत्र आले तरी ३१३. अभिभाषणावर २९ जूनला मतदान झाले तेव्हा सरकार ३२३ विरुद्ध ३०९ असे तरले.

डीयूपीबरोबरचा हा करार आघाडीचा नव्हता. मंत्रिपदे नाहीत, फक्त ठरलेल्या बाबींवर पाठिंबा: विश्वासाचे ठराव, अभिभाषण, अर्थसंकल्प आणि ब्रेक्झिट व राष्ट्रीय सुरक्षेचे कायदे. बदल्यात उत्तर आयर्लंडला एक अब्ज पौंडांचा जादा निधी. निवडणूक ८ जूनला झाली होती, सही २६ जूनला झाली. मधल्या काळात पंतप्रधान कार्यालयाने करार झाल्याचे घाईने जाहीर केले आणि ते मागे घ्यावे लागले. बोलणी चालू असताना अशी घाई केली की समोरच्याची किंमत वाढते.

अशा कराराची मर्यादा जानेवारी २०१९मध्ये उघडी पडली. १५ तारखेला ब्रेक्झिट कराराचा ठराव ४३२ विरुद्ध २०२ असा फेटाळला गेला, आणि डीयूपीने सरकारच्या विरोधात मत दिले. दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठरावात त्याच डीयूपीने सरकारला वाचवले: ३२५ विरुद्ध ३०६. ते दहा जण पलीकडे गेले असते तर ३१५ विरुद्ध ३१६, म्हणजे एका मताने सरकार पडले असते. पाठिंबा सरकार टिकवण्यापुरता होता, धोरण पुढे नेण्यापुरता नव्हता.

तिथे पक्षांतरबंदी कायदा आहे का? (नाशिक)

नाही. खासदाराने पक्ष बदलला तरी जागा त्याचीच राहते, पोटनिवडणूक लढवण्याची सक्ती नाही. ३ सप्टेंबर २०१९ला बोरिस जॉन्सन सभागृहात बोलत असताना त्यांच्याच पक्षाचे फिलिप ली उठून समोरच्या बाकांवर लिबरल डेमोक्रॅटांशेजारी जाऊन बसले, आणि सरकारचे एका मताचे बहुमत तिथल्या तिथे संपले. त्याच रात्री सरकारविरोधात मत देणाऱ्या २१ जणांना पक्षाने बाहेर काढले. व्हिप मोडण्याची शिक्षा एवढीच: पक्षातून हकालपट्टी. खासदारकी शाबूत.

म्हणूनच निसटते बहुमत हळूहळू झिजते. ऑक्टोबर १९७४मध्ये मजूर पक्षाला ३१९ जागा म्हणजे अवघे ३चे बहुमत मिळाले. पोटनिवडणुका आणि पक्षांतरे यांत तेही गेले. मार्च १९७७मध्ये पंतप्रधान जेम्स कॅलहन यांना लिबरलांशी समझोता करावा लागला, तो १९७८मध्ये संपला. २८ मार्च १९७९च्या अविश्वास ठरावात सरकार ३१० विरुद्ध ३११ असे पडले. मजूर पक्षाचे सर आल्फ्रेड ब्राउटन मरणपंथाला लागलेले होते. आजारी खासदाराला रुग्णवाहिकेतून संसदेच्या आवारात आणले तर त्याचे मत धरण्याची पद्धत होती, पण प्रवासातच जिवाचे बरेवाईट होईल अशी त्यांची अवस्था होती. त्यांना आणले नाही. ते काही दिवसांतच वारले. सरकार पडले तरी चालेल पण हे करायचे नाही, हा कॅलहन यांचा निर्णय आम्हाला आजही मोठा वाटतो.

आणि मते समसमान पडली तर? अध्यक्षाचे मत चर्चा चालू राहील किंवा आहे ती स्थिती कायम राहील अशा बाजूने जाते. ३ एप्रिल २०१९ला ३१०-३१० झाले, तेव्हा अध्यक्ष जॉन बर्को यांनी याच नियमाने दुरुस्तीच्या विरोधात मत दिले.

एखाद्या मतदारसंघात दोन-चार मतांचा फरक असेल तर फेरमोजणी आपोआप होते का? दादाभाई नौरोजीही असेच निवडून आले होते ना? (मुंबई)

आपोआप नाही. किती मतांच्या फरकाला फेरमोजणी, असा आकडाच कायद्यात नाही. उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने निकाल जाहीर होण्याआधी मागायची, आणि मागणी अवाजवी वाटली तर निवडणूक अधिकारी नाकारू शकतो. मतदान कागदी मतपत्रिकेवर फुली मारून होते आणि मोजणी हातानेच. चूक बहुधा दोन ठिकाणी होते: एका उमेदवाराची मते दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जातात, किंवा गठ्ठेच चुकीचे मोजले जातात. म्हणून पुष्कळदा आधी गठ्ठे तपासतात, मग गरज वाटली तर पूर्ण फेरमोजणी. अगदी समसमान मते निघाली तर चिठ्ठी टाकून निकाल लावतात, जसा २०१७मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२०मध्ये लावला गेला.

निकाल जाहीर झाला की फेरमोजणीचा रस्ता बंद. मग २१ दिवसांत निवडणूक याचिका. १९९७मध्ये विंचेस्टरला लिबरल डेमोक्रॅट मार्क ओटन २ मतांनी जिंकले. कर्मचाऱ्यांच्या चुकीने अधिकृत शिक्का न उमटलेल्या पन्नासहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या होत्या. त्या धरल्या असत्या तर निकाल उलटला असता. हुजूर पक्षाच्या पराभूत उमेदवाराने याचिका केली, न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली. नोव्हेंबरमध्ये पुन्हा मतदान झाले तेव्हा ओटन २१,५५६ मतांनी निवडून आले. मतदारांना वाटले की हा माणूस हरल्याचे मान्य करत नाही, आणि त्यांनी तसा कौल दिला. याचिका करण्याआधी प्रत्येक उमेदवाराने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

दादाभाईंचे खरे आहे. १८९२मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ते लिबरल पक्षातर्फे ५ मतांनी निवडून आले. ती सार्वत्रिक निवडणूकही त्रिशंकूच होती. पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी निकालानंतर राजीनामा दिला नाही, ते सभागृहासमोर गेले आणि ऑगस्टमध्ये ४० मतांनी हरले. मग आयरिश राष्ट्रवाद्यांच्या पाठिंब्यावर ग्लॅडस्टन यांचे सरकार आले. दादाभाई प्रथम ज्या सभागृहात बसले ते हे असे होते.

त्रिशंकू निकालानंतर लगेच दुसरी निवडणूक घेता येते का? (कोल्हापूर)

येते. २०२२च्या कायद्याने संसद विसर्जनाची विनंती करण्याचा अधिकार पुन्हा पंतप्रधानाकडे आला. विसर्जनानंतर मतदान २५ कामकाजाच्या दिवसांनी. १९७४मध्ये फेब्रुवारीनंतर ऑक्टोबरमध्ये दुसरी निवडणूक झालीच. पण हा जुगार आहे: १९६४ला ४च्या बहुमतावर आलेले विल्सन १९६६ला दणदणीत जिंकले, तर १९५०ला ५च्या बहुमतावर निभावणारे अॅटली १९५१ला मजूर पक्षाला जास्त मते मिळूनही हरले.

मी भारतीय नागरिक, विद्यार्थी व्हिसावर आहे. दुसरी निवडणूक लागली तर मला मत देता येईल का? (लेस्टर)

हो. राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून, व्हिसा वैध असेल आणि मतदानाच्या दिवशी १८ वर्षे पूर्ण असतील तर सार्वत्रिक निवडणुकीतही मत देता येते. नोंदणीची मुदत मतदानाआधी १२ कामकाजाच्या दिवसांपर्यंत, मध्यरात्री संपते. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक नसेल तरी अर्ज करा, ते दुसरी कागदपत्रे मागतात. खोली बदलली असेल तर नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदणी लागते. निवडणूक अचानक लागते तेव्हा विद्यार्थ्यांची नावे बहुतेक याच कारणाने गळतात.

मतदान केंद्रावर फोटोचे ओळखपत्र लागते. भारतीय पासपोर्ट चालतो, आधार आणि पॅन चालत नाहीत. मराठी नावांची अडचण मधल्या नावात येते. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव असते आणि नोंदणी करताना ते गाळले जाते. नोंदणी पासपोर्टवर आहे तशीच करा. लग्नानंतर आडनाव बदलले असेल आणि पासपोर्ट जुना असेल तर विवाहाचा दाखला सोबत न्या. टपाली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री १०पर्यंत पोहोचली नाही तर मोजली जात नाही, तेव्हा त्या दिवसांत सुट्टीला घरी येणार असाल तर टपालाच्या भरवशावर राहू नका. विश्वासातल्या मित्राला तुमच्या वतीने मत देणारा प्रतिनिधी मतदार (प्रॉक्सी) नेमा. त्याचा अर्ज नेहमीच्या परिस्थितीत मतदानाआधी ६ कामकाजाच्या दिवसांपर्यंत, संध्याकाळी ५च्या आत द्यावा लागतो.