ट्विटर कुठे बसवायचा आणि तोंड कुणाकडे?

प्रश्न : बेस मॉडेलची हॅचबॅक घेतली. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट सेट (खालच्या सुरांचा मोठा वूफर आणि वरच्या सुरांचा वेगळा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर) बसवून घेतला. ट्विटर दुकानदाराने साइड मिररच्या आतल्या त्रिकोणी पट्टीवर लावले आणि दोन्ही थेट माझ्या तोंडाकडे वळवून दिले. आता गाणारी बाई उजव्या आरशात बसल्यासारखी वाटते. शब्द नीट कळत नाहीत म्हणून ट्रेबल +४ वर ठेवतो, तर तासाभरात कान किटतात. दुसरा दुकानदार म्हणतो, डॅशबोर्डवर काचेकडे तोंड करून लावा. काय करू? फोटो सोबत आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : फोटोत वायरसुद्धा दिसतेय हे बरं झालं, तिच्याकडे नंतर येतो. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दोन्हींचं मूळ वेगळं आहे. एकाच उपायाने दोन्ही जातील म्हणून होल मारत सुटू नका.

आधी बाई आरशात का जाऊन बसली ते बघू. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. तुमच्या आकाराच्या गाडीत उजव्या त्रिकोणापासून ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत साधारण ७५ सेंटिमीटर भरतात, डाव्यापासून सव्वाशे. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे उजवा ट्विटर डाव्याच्या जवळजवळ दीड मिलिसेकंद आधी पोचतो, आणि जवळ असल्यामुळे तीन-चार डेसिबल जास्तही ऐकू येतो. एकच आवाज दोन ठिकाणांहून इतक्या थोड्या फरकाने आला की मेंदू आधी पोचलेल्याच्याच बाजूने निकाल देतो. त्यात तुमच्या दुकानदाराने जवळचा ट्विटरही तुमच्यावरच रोखलाय.

दोन्ही ट्विटर ड्रायव्हरच्या तोंडावर, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. गिऱ्हाइकाला सीटवर बसवून वाजवलं की पहिल्या मिनिटाला लख्ख वाटतं आणि बिल निघतं. खरं तर तुमच्याकडे वळवायचा तो लांबचा. डावा ट्विटर पूर्ण तुमच्या डोक्याकडे करा. उजवा मात्र शेजारच्या सीटच्या हेडरेस्टकडे. तो तुमच्यापासून तीसेक अंश बाजूला जातो आणि थोडा दबतो. शेजारी बसणाऱ्यालाही तीच सोय आरशातल्यासारखी उलटी मिळते, त्यामुळे घरात भांडण नाही.

पण अँगलकडून फार अपेक्षा ठेवू नका. २५ मिलिमीटर घुमटाचा ट्विटर तीस अंश फिरवला तर १०,००० हर्ट्झला दीड-दोन डेसिबल उतरतात, १५,००० ला चारेक. ४,००० हर्ट्झला तो सरळ आहे की वाकडा, हे तुमच्या कानाला कळणारही नाही. तिथली तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर असते, एवढ्याशा घुमटाला ती एका दिशेत धरून ठेवता येत नाही. म्हणून ट्विटर फिरवून चुरचुर कमी होते, पण न कळणारे शब्द कळायला लागत नाहीत.

आता वायर. फोटोत ट्विटरच्या वायरमध्ये काळ्या नळीत गुंडाळलेला निळा कपॅसिटर (खालचे सूर ट्विटरपर्यंत जाऊ न देणारा तुकडा) आहे आणि त्यावर ४.७ छापलंय. ४ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरड म्हणजे ढोबळ हिशेबाने तो ८,५०० हर्ट्झच्या वरच मोकळा वाजणार. खाली दारातला वूफर तुमच्या गुडघ्याकडे तोंड करून बसलाय आणि अडीच-तीन हजारांच्या वर त्याचा आवाज सरळ रेषेतच जातो, वर कानापर्यंत चढत नाही. मधला सगळा पट्टा पोरका. नेमकी त्याच पट्ट्यात ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार असते. तुम्ही शब्दांसाठी ट्रेबल वाढवता, वाढतं मात्र त्याच्या वरचं, आणि ते थेट उजव्या कानात. कान किटणार नाहीत तर काय होईल!

ट्विटर २५ मिलिमीटरचा असेल आणि स्टिरिओच्याच पॉवरवर चालत असेल, तर कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा घाला. बायपोलर मागा, साधा इलेक्ट्रोलिटिक नको. मोकळं वाजणं ४,००० च्या आसपास सुरू होईल. मग ट्रेबल शून्यावर आणा, कदाचित उणे दोनवर. वेगळा अँप्लिफायर लावलेला असेल किंवा ट्विटर अर्ध्या इंचाचा असेल, तर हे करू नका, कॉइल जळेल. त्याला सूर वाटून देणारी वेगळी क्रॉसओव्हर पेटीच हवी.

काचेकडे तोंड करण्याबद्दल माझं मत तुमच्या दुसऱ्या दुकानदाराला आवडणार नाही. त्यांच्या सल्ल्यात एक गोष्ट खरी आहे. ट्विटर डॅशबोर्डच्या पार पुढच्या कोपऱ्यात गेला की दोन्ही अंतरं वाढतात आणि त्यांच्यातली तफावत कमी जाणवते. आवाज बॉनेटच्या बाजूला सरकतो, गाणारा समोर उभा वाटतो. पण काच आवाज जवळपास जसाच्या तसा परत फेकते. सरळ आलेला आणि काचेवरून आलेला आवाज कानाशी भेटतात. काचेवरून येणारा दहा सेंटिमीटर जास्त फिरला, तर ५,००० हर्ट्झच्या जरा वर दोघं एकमेकांना खातात आणि तिथे खड्डा पडतो. तुमची तक्रार आधीच त्या पट्ट्याची आहे! कोपरा हवाच असेल तर ट्विटर कोपऱ्यात ठेवा, पण तोंड आत, केबिनकडे. शिवाय उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की डबल टेपचा गोंद पाघळतो. तिथे स्क्रूची क्लिप लागते.

आणि हे सगळं आधी डबल टेपवर. आमच्या उद्यमनगरात पोरं पहिल्यांदा होल सॉ हातात घेतात, ऐकायचं नंतर. तुम्ही डबल टेपने ट्विटर तात्पुरता चिकटवा, वायर वरूनच लोंबू द्या. काचा बंद, इंजिन बंद, सीट रोज ठेवता तिथेच, पाठ टेकलेली. बॅलन्स मधोमध ठेवून आधी बातम्या वाचणाऱ्याचा आवाज लावा. तो मीटरच्या काट्यांवर आहे, डॅशच्या मध्यावर आहे की आरशात, ते डोळे मिटून हाताने दाखवा. मग टाळ असलेला एखादा अभंग. टाळाची पहिली टिचकी आणि तिचा मागे रेंगाळणारा नाद वेगवेगळा ऐकू आला पाहिजे. नुसतं ‘च्छ’ ऐकू आलं तर ट्विटर अजून तुमच्यावर रोखलेला आहे. तबल्याच्या किनारीचंही तेच. जागा ठरली की पेन्सिलीने खूण करा आणि मग होल.

स्टिरिओत टाइम अलाइनमेंट असेल तर मोजायच्या टेपने नाकापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून सेंटिमीटरमध्ये भरा. जवळचा स्पीकर तेवढा थांबून वाजतो आणि बाई आरशातून उठून मध्ये येते. मात्र शेजारच्या सीटवर ती मग डाव्या दाराला जाऊन चिकटते. एकटेच चालवत असाल तर बिनधास्त वापरा.

प्रश्न : ए-पिलरवर (पुढच्या काचेशेजारच्या खांबावर) फायबरचे पॉड बनवून त्यात ट्विटर बसवायचे आहेत. गाडीला सहा एअरबॅग आहेत. वायर आतून घेतली तर चालेल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. पडद्याची एअरबॅग छताच्या कडेने घडी करून ठेवलेली असते आणि बऱ्याच गाड्यांत पिलरच्या आत उतरते. फुटताना ती पिलरची पट्टी बाजूला ढकलून बाहेर येते. तिथे तुम्ही स्क्रू, फायबर आणि ट्विटरचं लोहचुंबक बसवलंत तर ते तुमच्या डोक्याच्या दिशेनेच येईल. पट्टीवर एसआरएस एअरबॅग अशी खूण शोधा. खूण दिसली नाही तरी कंपनीचं मॅन्युअल बघितल्याशिवाय पट्टीला हात लावू नका. वायर घडीवरून नेली तरी तोच धोका. पॉड करणारा ‘आम्ही रोज करतो’ म्हणेल. करतोही. तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला ट्विटर कुठे दिलाय ते शोरूममध्ये जाऊन बघा. मिररजवळचा त्रिकोण किंवा डॅशचा कोपरा असेल, आणि जाळीची ती पट्टी बरेचदा स्पेअरमध्ये मिळते.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो, वय ६८. मुलाच्या गाडीतले ट्विटर मला छान वाटतात. मुलगा म्हणतो, फार टोचतात, बाजूला वळवतो. बरोबर कोण?
– एक वाचक, मिरज

उत्तर : काका, दोघंही. वयाबरोबर वरचे सूर आधी जातात. या वयात १२,००० हर्ट्झच्या वरचं फारसं काही ऐकू येत नाही, आठ-दहा हजारांचंही बरंच दबतं. तुम्हाला जे जेमतेम पोचतं ते त्याला टोचतं. गाडी रोज तो चालवत असेल तर अँगल त्याच्या कानाने ठरू द्या. तुम्ही बसाल तेव्हा ट्रेबल दोन घरं वर करा, त्यासाठी ट्विटर हलवावा लागत नाही. टीव्हीचा आवाजही हल्ली वाढवावा लागत असेल, तर एकदा कान तपासून घ्या.

प्रश्न : सात सीटची टुरिस्ट गाडी आहे. मागचे पॅसेंजर म्हणतात गाणं स्पष्ट येत नाही. मधल्या पिलरवर आणखी दोन ट्विटर लावू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मधल्या पिलरवर नको. मधल्या सीटवरच्या माणसाच्या कानापासून ते वीतभर अंतरावर येतील, आणि आत सीटबेल्टची यंत्रणा असते. सातारच्या वाचकांना काचेकडे तोंड नको म्हणालो, तुम्हाला मात्र मी तेच सुचवेन. तुमच्या गाडीत कुठलीच एक सीट मानाची नाही. काचेवरून पसरलेला आवाज कुणालाच अगदी नीट पोचत नाही, पण सगळ्यांना थोडा थोडा पोचतो, आणि ड्रायव्हरच्या कानाशी दिवसभर भुणभुण राहत नाही. मागच्या दारांत साधे कोएक्सियल घाला. त्यात ट्विटर वूफरच्या मधोमधच असतो, वेगळी जागा शोधायला नको. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांतला तोल) दोन घरं मागे घ्या. तिसऱ्या रांगेत काही लावू नका, तिथे बसलेला माणूस घाटात झोपलेला असतो.