चौथ्याची वाट पाहण्यापूर्वी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दुसरा गिटारवादक बँड सोडून गेल्यापासून तुम्ही उरलेल्या तिघांनी कार्यक्रम घेणे बंद केले असून, चौथा मिळेपर्यंत तालमीही थांबवल्या आहेत, असे तू कळवले आहेस. माणूस शोधण्याला माझी हरकत नाही. तालीम थांबवण्याला आहे. ती का, हे सांगण्यासाठी कॅनडातील टोरांटोच्या 'रश' या रॉक त्रिकुटाची घडण तुझ्यापुढे ठेवतो.

१९६८ साली टोरांटोच्या विलोडेल या उपनगरात ॲलेक्स लाइफसन (गिटार), जॉन रट्सी (ड्रम्स) आणि जेफ जोन्स (बास, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार) यांनी हा बँड सुरू केला आणि एका चर्चच्या तळघरात पहिला कार्यक्रम केला. जोन्स लगेचच बाहेर पडला व त्याच्या जागी लाइफसनचा शाळासोबती गेडी ली आला. दोघेही स्थलांतरितांची मुले. लाइफसनचे आईवडील सर्बियन, तर लीचे आईवडील नाझी छळछावण्यांतून वाचलेले पोलिश ज्यू. लीचे खरे नाव गॅरी. आईच्या पोलिश उच्चारात त्याचे 'गेडी' झाले आणि तेच पुढे चिकटले.

तुझ्या प्रश्नाशी संबंधित भाग यापुढचा आहे. १९६९ मध्ये त्यांनी एक कीबोर्डवादक घेतला, १९७१ मध्ये दुसरा गिटारवादक घेतला. दोघांपैकी कोणीही टिकले नाही आणि दोन्ही वेळा ते तिघांवरच परत आले. त्याच १९७१ साली ओंटारिओत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, मद्यपानाचे कायदेशीर वय १८ वर आले, बारमध्ये वाजवण्याची वाट मोकळी झाली, आणि शाळांच्या नृत्यसमारंभांत वाजवणाऱ्या या मुलांना रोजच्या वादनाची सवय लागली. चौथ्याची उणीव कशी भरायची, हे त्यांना बहुधा तिथेच समजले असावे. निदान माझा तरी तसा समज आहे.

१९७४ मध्ये स्वतःच्याच छोट्या लेबलवर (ध्वनिमुद्रिका कंपनीतर्फे) पहिला अल्बम निघाला, अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या रेडिओ केंद्रावर डॉना हालपर यांनी त्यातले गाणे लावले, आणि अमेरिकेचा दौरा ठरला. नेमक्या त्याच वेळी, जुलैत, रट्सी बाहेर पडला. त्याला मधुमेह होता आणि संगीताविषयीची आवडही इतर दोघांपासून दूर गेली होती. दौऱ्याला जेमतेम दोन आठवडे उरले असताना नील पिअर्ट हा ड्रमर आला, जो लंडनमध्ये नशीब आजमावून परतल्यावर वडिलांच्या शेती-अवजारांच्या दुकानात काम करत होता. २९ जुलैला, लीच्या एकविसाव्या वाढदिवशी, तो बँडमध्ये दाखल झाला आणि १४ ऑगस्टला पिट्सबर्गमध्ये ११ हजारांवर श्रोत्यांपुढे वाजवायला बसला. गंमत अशी की ड्रमर म्हणून घेतलेल्या या वाचनवेड्या माणसाकडेच गीतलेखनही आले, कारण इतर दोघांना त्याची फारशी हौस नव्हती.

आता वादनाकडे लक्ष दे. गिटारचा सोलो (एकट्याचे वादन) सुरू झाला की मागे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, धरायला दुसरा गिटारवादक नसतो, म्हणून लीचा बास नुसता ठेका न धरता स्वतंत्र चाल वाजवतो. लाइफसन कॉर्ड धरताना अनेकदा सर्वांत पातळ दोन तारा न दाबता मोकळ्या वाजू देतो, त्यामुळे एकाच गिटारचा नाद दुप्पट पसरतो. पुढे ली गात असतानाच पायाने बास-पेडल (खालचे स्वर देणाऱ्या पायपट्ट्या) दाबू लागला, म्हणजे कीबोर्डसाठी हात मोकळे झाले तरी खालचा स्वर चालू राहिला.

तेव्हा येत्या रविवारी तिघेच बसा. गेलेल्या मित्राचे भाग गिटारवर कोंबू नका. जिथे पोकळी ऐकू येईल तिथे आधी बासला काय करता येते ते पाहा, आणि तरीही ती उरली तर तशीच राहू द्या. फोनवर सलग ध्वनिमुद्रण करून मला पाठव. चौथ्या माणसाविषयी आपण ते ऐकल्यानंतर बोलू.

तुझा,
एक जुना बासवादक