मॉडेल कारवर स्प्रे कॅनने मेटॅलिक रंग मारला की डागाळल्यासारखा दिसतो. गुळगुळीत कसा येईल?
डाग बहुतेक वेळा रंगातल्या धातूच्या कणांमुळे पडतात. थर ओला आणि जाड बसला की ते कण सरकून एका जागी गोळा होतात. म्हणून तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या टीएस स्प्रे कॅनचे पहिले दोन-तीन हात अगदी विरळ मारा. कॅन आधी कोमट पाण्यात धरा, फवारा बारीक येतो. गरम पाण्यात मात्र कधीच नको. त्याआधी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, २००० नंबरच्या वॉटर पेपरने (बारीक सँडपेपरने) घासून घ्या, कारण मेटॅलिक रंग खालचा प्रत्येक ओरखडा उघडा पाडतो.

आणि मेटॅलिक थर स्वतः अजिबात घासू नका! कण खरवडले जाऊन छटाच बदलते. चकाकी टीएस-१३ क्लिअरच्या पारदर्शक थराने आणायची, पॉलिशही त्यावरच. सुटं बॉनेट बॉडीवर तात्पुरतं बसवून रंगवलंत तर रंग जुळतो.