वाचकांचे प्रश्न : धावायचं, स्थलांतरितांच्या हक्कांसाठी

स्थलांतरितांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांना निधी मिळवून देण्यासाठी धावू इच्छिणाऱ्यांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी आजवर कधी धावलेलो नाही. पाच महिन्यांनी एका संस्थेसाठी हाफ मॅरेथॉन धावायची इच्छा आहे. झेपेल का?

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.१ किलोमीटर. अर्धा तास न थांबता भरभर चालता येत असेल, तर पाच महिने पुरतात. हृदयाचा, दम्याचा किंवा सांध्यांचा जुना त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, नाव नंतर नोंदवा.

सुरुवात आठवड्यातून तीन दिवस, दिवसाआड करा. १ मिनिट हळू धावणं, २ मिनिटं चालणं, असं दहा वेळा. दर आठवड्याला धावण्याचा वाटा थोडा वाढवत न्या. वेग किती ठेवायचा याला घड्याळ लागत नाही. धावताना एक पूर्ण वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य मध्येच तुटत असेल तर वेग जास्त आहे. अर्धा तास सलग धावता येऊ लागलं की तीनपैकी एक दिवस लांब पल्ल्याचा ठेवा. त्यात दर आठवड्याला एक ते दीड किलोमीटर वाढवा आणि प्रत्येक चौथ्या आठवड्यात अंतर तिसऱ्या हिश्शाने कमी करा. सरावात १६ ते १८ किलोमीटर झाले की पुरे. शेवटचे दोन आठवडे सराव निम्म्यावर आणा. त्या दिवसांत जास्त धावून काही कमावता येत नाही, थकवा मात्र साठतो.

बिघडतं ते बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यात. दम काही आठवड्यांतच वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध कणखर व्हायला महिने लागतात. अंगात जोर आल्यासारखा वाटतो, माणूस अंतर वाढवतो आणि नडगी धरते. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली न्या. दुखणं चार बोटं लांबीच्या पट्ट्यात पसरलेलं असेल तर आठवडाभर धावणं निम्मं करा आणि मऊ जमिनीवर धावा. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल आणि रात्री अंथरुणातही ती जागा ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते. धावणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

बूट घेताना पायाच्या सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा, कारण लांब अंतरात पाऊल सुजतं. एक जोडी साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकते. शर्यतीच्या दिवशी नवे बूट, नवे मोजे, नवं खाणं काहीही नको. सव्वा-दीड तासापेक्षा जास्त धावायचं असेल तर पिष्टमय किंवा गोड पदार्थांतून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. पोटाला काय मानवतं हे सरावातच पाहून ठेवा. पाणी तहानेप्रमाणे प्या. तहान नसताना पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घ्यावा, की स्वतः नोंदणी करून संस्थेसाठी धावावं?

संस्थेच्या कोट्यातून, म्हणजे शर्यतीत संस्थेसाठी राखलेल्या जागांतून, प्रवेश नक्की मिळतो, पण त्याबरोबर किमान निधीचा शब्द द्यावा लागतो. तो पूर्ण झाला नाही तर काय, हे सही करण्याआधी वाचा. काही करारांत उरलेली रक्कम धावणाऱ्याने भरायची असते. तीन गोष्टी लेखी विचारून घ्या : रक्कम कोणत्या तारखेपर्यंत जमा व्हायला हवी, दुखापत झाली तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का, आणि प्रवेशशुल्क त्या निधीत धरलं जातं का.

संस्था लहान असेल तर तिच्याकडे असा कोटा नसतोच. स्थलांतरितांना कायदेशीर मदत देणाऱ्या कितीतरी संस्था अशाच लहान असतात. त्यांच्यासाठी महिन्यात १०० किलोमीटरचं आव्हान स्वतःच आखणं आमच्या मते जास्त चांगलं. दिवसाला साडेतीन किलोमीटरदेखील पडत नाहीत, चालूनही पुरे करता येतात आणि प्रवेशशुल्कावर काहीच जात नाही.

प्रश्न : पैसे मागायला संकोच वाटतो. कसं सुरू करू?

देणग्या गोळा करण्याचं ऑनलाइन पान उघडलं की पहिली देणगी स्वतःची टाका. मग अगदी जवळच्या पाच जणांना फोन करा आणि पान सगळ्यांना दाखवण्याआधी त्यांच्या देणग्या येऊ द्या. रिकाम्या पानावर पहिलं नाव कोणालाच लिहायचं नसतं. शिवाय वरती दिसणारा आकडा बघूनच पुढचे लोक आपला आकडा ठरवतात.

ग्रुपवर टाकलेला निरोप सगळे वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरं कोणीतरी देईल. म्हणून एकेकाला नावानिशी लिहा. निरोप एवढाच असावा : ‘मावशी, मी १२ तारखेला २१ किलोमीटर धावणार आहे. जमणारा पैसा निर्वासितांच्या अर्जांसाठी वकील आणि दुभाषे पुरवणाऱ्या संस्थेला थेट जाईल. तू हातभार लावशील का? लिंक खाली देतो.’ आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको. पगार होतो त्या आठवड्यात विचारा. नोकरीच्या ठिकाणी देणगीइतकीच रक्कम कंपनी घालते का, तेही विचारून पाहा. धावून झाल्यावर वेळ आणि फोटो टाकून पुन्हा लिंक द्या, कारण ‘द्यायचंच राहून गेलं’ म्हणणारे तेव्हा देतात.

पैसा आपल्या खात्यात एक दिवसही येऊ देऊ नका. रोख मिळाली तर पावती द्या आणि भरणा करून पोच जपून ठेवा. करसवलतीचा शब्द परस्पर देऊ नका. कायदे बदलावेत म्हणून उघड प्रचार करणाऱ्या संस्थांना काही देशांत ती सवलत नसते. परदेशातून देणगी घ्यायलाही काही ठिकाणी वेगळी परवानगी लागते. दोन्ही गोष्टी आधी संस्थेला विचारा.

प्रश्न : घरातलेच म्हणतात, ‘बाहेरून आलेल्यांसाठी कशाला?’ काय सांगू?

वाद घालू नका, काम सांगा. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या १४ व्या कलमात छळापासून दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा हक्क आहे. जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे निर्वासिताला परत धाडू नये, असं १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं ३३ वं कलम सांगतं. स्थलांतरित कामगारांसाठी १९९० चा वेगळा करार आहे. तो २००३ मध्ये लागू झाला, पण हे कामगार ज्या श्रीमंत देशांत जातात त्यांतल्या बहुतेकांनी तो स्वीकारलेलाच नाही.

म्हणजे हक्क कागदावर आहे, पण तो बजावायचा एकेका अर्जाने. अर्जाला मुदत असते. जन्मदाखल्याचं भाषांतर करून प्रमाणित करावं लागतं. मुलाखतीत दुभाषाने एक तारीख चुकीची सांगितली तर ‘जबाबात विसंगती’ म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. काही देशांत अशा प्रकरणात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. तुम्ही जमवलेला पैसा नेमका इथे लागतो. संस्थेकडून एका भाषांतराचा, वकिलाच्या एका तासाचा खरा खर्च विचारून घ्या आणि तो पानावर लिहा. विचारणाऱ्याला तेवढा आकडा दाखवला की पुरतं.

प्रश्न : ओळखीच्या एका निर्वासित कुटुंबाची कहाणी पानावर टाकली तर चालेल का?

नको. त्यांनी होकार दिला तरी आधी त्यांच्या वकिलाला विचारा. अर्ज प्रलंबित असताना पानावरचा एखादा तपशील जबाबाशी जुळला नाही तर तो त्यांच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्याचा त्रास होऊ शकतो. नाव बदलून भागत नाही, कारण गाव, प्रवासाची तारीख आणि मुलांची संख्या एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. कहाणी हवीच असेल तर संस्थेने संमतीने छापलेली घ्या.

स्वतःचीही काळजी घ्या. या विषयावर ओंगळ शेरे येतात. पानावरचे अभिप्राय तपासून मगच दिसतील अशी सोय सुरू करा. धावण्याच्या ॲपमध्ये मार्गाची सुरुवात आणि शेवट लपवा, नाहीतर रोजच्या नकाशावरून घर सापडतं.

प्रश्न : शर्यत तीन आठवड्यांवर आली आणि पोटरीचा स्नायू फाटला. देणग्या परत कराव्या लागतील का?

बहुतेक देणगीदार परत मागत नाहीत, पण कळवायला उशीर करू नका. आधी संस्थेला सांगा, मग सर्वांना त्याच दिवशी दोन ओळी लिहा : काय झालं आहे, आणि त्याऐवजी तुम्ही काय करणार आहात. बरे झाल्यावर तेच अंतर काही दिवसांत मिळून चालणं हा चांगला पर्याय आहे. कोणी पैसे परत मागितलेच तर संस्थेमार्फत द्या.

आणि बिब, म्हणजे छातीवर लावायची तुमच्या क्रमांकाची पट्टी, मित्राला देऊ नका. त्या क्रमांकाशी तुमचा तातडीचा संपर्क आणि आजारांची माहिती जोडलेली असते. मित्र वाटेत कोसळला तर उपचार करणाऱ्यांच्या हाती तुमची ॲलर्जी, तुमची औषधं आणि तुमच्या घरचा फोन नंबर असेल. आयोजक नाव बदलून देत असतील तर त्यांनी दिलेल्या तारखेआधी अर्ज करा. तसं नसेल तर प्रवेश रद्द करा.