ज्योत वाढवू नका, आधी गॅस-हवेचं प्रमाण मोजा

तुम्ही विचारलेली अडचण अशी: आधीच कोरोना (विजेच्या डिस्चार्जची प्रक्रिया) करून आलेली २५ मायक्रॉनची बीओपीपी (ताणून बनवलेली पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपीची, छपाईची फिल्म), शाई धरावी म्हणून तिच्यावर ज्योत फिरवणारा, नव्याने बसवलेला एलपीजीवरचा फ्लेम ट्रीटर, पृष्ठभाग शाई किती धरेल याचा अंदाज देणारं डाइन पेन मधोमध ४० आणि कडांना ३४ दाखवतंय, टेप लावला की शाई उचलून येते, आणि ज्योत वाढवली की फिल्म आकसते. ऑपरेटरचं म्हणणं, ज्योत कमी पडते. मला तसं वाटत नाही. ज्योत पुरेशी आहे, मिश्रण चुकलंय.

पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग मुळात ३० डाइनच्या आसपासचा. शाई नीट धरायला तो ३८च्या वर लागतो. हा फरक उष्णतेने पडत नाही. ज्योतीतले हायड्रॉक्सिल आणि ऑक्सिजनचे रॅडिकल (अतिक्रियाशील कण) प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळीतला हायड्रोजन काढतात आणि त्या जागी ऑक्सिजन असलेले गट बसतात, तेही वरच्या काही नॅनोमीटरमध्येच. मिनिटाला १०० मीटरने धावणारी फिल्म तीन सेंटिमीटर ज्योतीखालून २० मिलिसेकंदांच्या आत पार होते. एवढ्या वेळात काम व्हायचं तर ज्योतीत योग्य रॅडिकल हवेत. नुसता गॅस वाढवला तर मिश्रण गॅसकडे झुकतं, ट्रीटमेंटचा परिणाम घटतो आणि फिल्म मात्र भाजते.

पीपीसाठी मिश्रणात हवा थोडी जास्त हवी, पूर्ण ज्वलनाला लागते त्याच्यापेक्षा साधारण पाच टक्के. ज्योतीचा निळा रंग बघून हे कळत नाही. पाच टक्के हवा कमी असो की जास्त, डोळ्याला ज्योत सारखीच दिसते. मिश्रणाचा नमुना जाळून उरलेला ऑक्सिजन मोजणारा अॅनालायझर लावा. कोरड्या वायूत हा ऑक्सिजन एक टक्क्याच्या जवळपास आला पाहिजे. अॅनालायझर नसेल तर भाड्याने आणा, पण अंदाजावर चालवू नका.

आता एलपीजीचं बघा. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. एका घनफळ प्रोपेनला सुमारे २४ घनफळ हवा लागते, ब्युटेनला ३१. सिलिंडरमधून वरची वाफ घेत असाल तर आधी प्रोपेन जास्त निघतो आणि सिलिंडर संपत आला की ब्युटेनचं प्रमाण वाढतं. तुम्ही नॉबला हातही लावलेला नसतो, पण तेवढीच हवा आता कमी पडायला लागते. द्रवरूपात उचलून व्हेपोरायझरमधून (द्रवाची वाफ करणाऱ्या यंत्रातून) घेतलेला गॅस म्हणूनच बरा. पाइपचा गॅस मिळत असेल तर त्याहून चांगलं. दुसरा घोळ पावसाळ्याचा. कोकणपट्टीत जुलैत ३० अंशाला ९० टक्के आर्द्रता असली की हवेतला पावणेचार टक्के भाग पाण्याची वाफ असते. त्या प्रमाणात ऑक्सिजन कमी. जानेवारीत लावलेलं सेटिंग पावसाळ्यात पूर्ण ज्वलनाच्या सीमेकडे सरकतं. मोसम बदलला की पुन्हा मोजायचंच.

कडांच्या ३४ साठी बर्नरच्या टोकाकडच्या फटी साफ करा, बाजूला पंखा चालू नाही ना ते बघा, आणि फिल्म चिल रोलला (ज्योतीखाली फिल्म गार ठेवणाऱ्या रोलला) कडेपर्यंत चिकटून जाते का ते तपासा. फिल्म त्यावर दाबून धरणाऱ्या निप रोलचा दाब कडेला कमी असेल तर खाली हवा शिरते आणि नेमकी तिथेच फिल्म तापून आकसते. चिल रोल फार गार ठेवू नका. ज्वलनातून भरपूर वाफ निघते, ती रोलवर जमून पाणी होतं. ज्योतीच्या निळ्या सुळक्यांची टोकं फिल्मपासून काही मिलिमीटरवरच हवीत. हे अंतर बर्नरच्या पूर्ण रुंदीत एकसारखं ठेवा.

पण मधोमध ४० असूनही शाई का निघते? हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. पेनचा आकडा म्हणजे पकड नव्हे. एक तुकडा ओल्या स्वच्छ सुती कापडाने पुसा, पूर्ण वाळवा आणि पुन्हा पेन ओढा. आकडा बराच खाली आला तर वरचा थर सुटा आहे: साखळ्या तुटून झालेला, पाण्यात विरघळणारा ऑक्सिडाइज्ड माल. तुम्ही म्हणता फिल्म कोरोना केलेलीच येते, आणि हा माल बहुधा जास्त कोरोनामुळे होतो. शाई त्याला धरते, तो फिल्मला धरत नाही. नीट मिश्रणाची ज्योत पीपीवर असा सुटा थर जवळजवळ करत नाही, आणि तिचा परिणाम साठवणीत टिकतोही जास्त. म्हणून पुरवठादाराकडून ट्रीट न केलेला रोल मागवून त्यावर एक चाचणी घ्या. पुसूनही आकडा टिकला आणि शाई तरी निघाली, तर इरुकामाइडसारखं स्लिप (फिल्म घसरती करणारं द्रव्य) वर आलंय का, किंवा शाईतला बाइंडरच (रंग धरून ठेवणारा घटक) पीपीला चालणारा नाही का, ते शाईवाल्याशी बोला. तिथे बर्नर काही करू शकत नाही.

आणि एक गोष्ट आजच तपासा. मशीन अचानक थांबलं तर गॅस आपोआप बंद होऊन बर्नर मागे सरकतो का? थांबलेली फिल्म क्षणात पेट घेते. हा इंटरलॉक बायपास केलेला असेल तर चालू होईपर्यंत ट्रीटर पेटवू नका.