स्टोअर म्हणजे गोदाम नव्हे

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेल्या तुमच्या लेकीला साखर कारखान्याने ट्रेनी म्हणून घेतलं आणि बसवलं सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये. 'शिकलेली पोर बेअरिंगं मोजत बसलीय' असं भावकीत बोलतात, आणि आता तिलाही नोकरी सोडून पुण्यात डिझाइनचा कोर्स करावासा वाटतोय. सोडू द्यावी का, असं तुम्ही विचारलंत.

माझं मत: एक गळीत हंगाम आणि त्यानंतरचा दुरुस्तीचा काळ, असं पुरं वर्ष तिने तिथेच काढावं.

तुम्ही स्वतः कारखान्याला ऊस घालता. हंगामात मिल काही तास बंद पडली की फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखरेचा उताराही खाली येतो. कधी कधी हे सगळं काही शे रुपयांच्या ऑइल सीलसाठी, म्हणजे तेल गळू न देणाऱ्या कडीसाठी, घडतं. आणि त्याच स्टोअरच्या मागच्या रॅकवर भंगारात गेलेल्या पंपाचे सुटे भाग धूळ खात असतात. पैसा अडकलेला आणि हवी ती वस्तू नाही, हे दुखणं बरं करायला मशीन समजणारा माणूस लागतो.

यातलं अवघड काम म्हणजे मागणीचा अंदाज. किराणा दुकानात साबण रोज खपतो, सुट्या भागांचं तसं नसतं. समजा, एका बेअरिंगच्या बिन कार्डावर, म्हणजे त्या वस्तूच्या आवक-जावकीच्या नोंदपत्रावर, बारा महिन्यांत तीनदाच नोंद आहे: 2, 4 आणि 3 नग. बाकी नऊ महिने शून्य. सरासरी काढली तर महिन्याला पाऊण बेअरिंग. पाऊण बेअरिंग कुणीच मागत नाही! लागतात तेव्हा एकदम तीनेक लागतात, तेही साधारण चार महिन्यांनी. क्रॉस्टन या अभ्यासकांनी 1972 साली नेमकं हेच धरून पद्धत मांडली: एका वेळी किती नग जातात आणि दोन मागण्यांत किती काळ जातो, हे दोन अंदाज वेगवेगळे ठेवायचे. पुढे सिंटेटोस आणि बॉयलन या संशोधकांनी दाखवलं की या पद्धतीचा अंदाज थोडा जास्त निघतो, आणि त्यावर दुरुस्तीही सुचवली. एक्सेलमध्ये ती हे एका दुपारी करून बघू शकेल.

पण नुसतं सूत्र पुरत नाही. हंगामातली मोडतोड अंदाजावर चालते. दुरुस्तीच्या काळातली गरज मात्र विचारून कळते. दुरुस्तीसाठी मिल खोलली की काय झिजलंय ते फिटर सांगतो. ज्या वस्तू यायला महिनोन्‌महिने लागतात त्यांची ऑर्डर तेव्हाच गेली पाहिजे, नाहीतर बॉयलर पेटवायची वेळ येते आणि माल वाटेतच असतो. म्हणून तिने रोज अर्धा तास फिटरांबरोबर काढावा.

दुसरं, वस्तूंचे कोड. एका कोडखाली '6205' हा बेअरिंगचा नंबर, दुसऱ्याखाली 'बेअरिंग 25 बोअर', आणि वस्तू एकच. एकीकडे शिल्लक शून्य दिसते म्हणून खरेदीचा इंडेंट (मागणीपत्र) जातो, दुसरीकडे सहा नग पडून असतात. तिचा डिप्लोमा इथे कामाला येतो; 6205 चा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, 25 मिलिमीटर असतो हे तिला शिकवलेलं आहे.

बरोबरीने इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमांची चौकशी करा, नोकरी सांभाळून करता येण्यासारखे आहेत. कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॅप सॉफ्टवेअरचं मटेरियल्स मॉड्यूल नंतर शिकली तरी चालेल. वाहन कंपन्या, पवनचक्क्या, रेल्वे, सगळीकडे हे काम लागतं. आणि वर्षभरानंतरही तिचा जीव ड्रॉइंगमध्येच रमत असेल, तर खुशाल पुण्याला पाठवा.

तोवर तिला एक काम द्या. ज्यांच्यावाचून मिल थांबते अशा वीस वस्तू तिने फिटरला विचारून निवडाव्यात, वरिष्ठांची परवानगी घेऊन त्यांच्या तीन वर्षांच्या नोंदी वहीत उतरवाव्यात, आणि प्रत्येकीपुढे माल यायला किती दिवस लागले ते लिहावं. ती वही घेऊन दोघं या, आपण पुढचं बसून ठरवू.