नोट्स माझ्याकडेच का मागितल्या?

“मॅडम, माणसांपेक्षा एआयशी बोलणं सोपं जातं. माझं काही बिघडलंय का?” मी समुपदेशक; कॉलेजच्या मुलामुलींकडून हे इतक्यांदा ऐकते की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं. खाली भेटणारा मुलगा कुणी एक नाही. अनेकांच्या सत्रांतून तो जुळवलेला आहे.

बिघडलेलं काही नाही. १९६६ मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम मांडला. आपलंच वाक्य उलटवून तो प्रश्न विचारायचा, फार काही नाही. तरी त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला लागली आणि थोड्याच वेळात तिने वायझेनबाउमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. (एलायझा नक्कल करायची ती मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या समुपदेशनाची. मी त्याच घराण्यातली, तेव्हा या ओढीला हसायचा हक्क मला नाही.)

सेकंड इयरचा, होस्टेलवर राहणारा मुलगा. एआय बंद कर, असं मी सांगितलं नाही. त्याने फक्त लपवाछपवी वाढते. सात दिवस वहीत तीन रकाने भरायला सांगितले: किती वाजता उघडलं, त्याआधी काय घडलं, काय विचारलं. अभ्यासाच्या नोंदींना हात लावायचा नाही. मनातलं बोलण्याच्या नोंदी बघायच्या. त्याच्या अशा जवळजवळ सगळ्या नोंदी रात्री बारानंतरच्या निघाल्या, आणि आधीच्या रकान्यात बहुधा एकच गोष्ट: ग्रुपवर इतरांचे फोटो पाहिले.

एक नोंद मात्र वेगळी होती. ‘वर्गातल्या एकाने नोट्स मागितल्या. एआयकडून सारांश करून पाठवला.’

“मग तो काय म्हणाला?”

“अंगठा पाठवला.”

“पुढे?”

“पुढे काही नाही.” बराच वेळ तो वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पण सारांश तर तोही करून घेऊ शकला असता. एआय त्याच्याकडेही आहे. मग नोट्स माझ्याकडेच का मागितल्या?”

मी उत्तर दिलं नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की मुलाच्या हाती आलेलं निसटतं. आपलं ऐकणारं कुणी नाही, हे एकटेपणाचं गाऱ्हाणं खरंच असतं. पण त्याखाली बऱ्याचदा दुसरं दडलेलं असतं, की आपलं कुणाला काही काम पडत नाही. एआय रात्रभर ऐकेल, पण ते तुमच्याकडे छत्री मागणार नाही. शिवाय त्याचा कल होला हो मिळवण्याकडे असतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीतला एक बदल फार खुशामत करतो म्हणून मागे घ्यावा लागला होता.

मग आम्ही एवढंच ठरवलं. रोज एका माणसाला एक मेसेज, दिवसाउजेडी, दोन ओळींचा, आणि त्यात एक छोटी मागणी: “उद्या लायब्ररीत किती वाजता जाणार? मी पण येतो.” तो एआयकडून लिहून घ्यायचा नाही. इतका गुळगुळीत मजकूर आला की समोरचा अंगठा पाठवून मोकळा होतो. पहिल्याच मेसेजात सगळं दुःख ओतायचं नाही. आणि उत्तराला निदान एक दिवस द्यायचा. सेकंदात उत्तर मिळायची सवय लागली की माणसाचा उशीर नकार वाटतो, इथेच जास्त मुलं माघार घेतात.

दुसरी माघार पंधरा दिवसांनी होते: “एवढं करूनही मित्र नाही.” अमेरिकन संशोधक जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात साधी मैत्री जमायला सुमारे ५० तास लागतात असं दिसलं, जिवलग व्हायला २०० हून अधिक. आठवड्याला दोन तास धरले तरी पहिला टप्पाच जवळपास सहा महिन्यांचा! हे गणित मी कागदावर मांडून दाखवते, मुलांना त्याने धीर येतो.

एक अपवाद. झोप, जेवण, वर्ग दोन आठवडे सुटले असतील तर यातलं काही करत बसू नका, समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. त्याच रात्री जवळच्या माणसाला उठवा.

पुढच्या सत्रांत एकदा त्या मुलाकडे मी रकान्यांची वही मागितली. ती नव्हती. मागच्या पानांवर नोट्स होत्या, खाडाखोडीसकट, म्हणून वहीच त्या वर्गमित्राकडे गेली होती. “परत मागायला जाईन,” तो म्हणाला, “पण घाई नाही.”